फेदोस्याच्या वहीची दोन पानं

फेदोस्या खारितोनोव्हनाने मला जेवढं छळलं तेवढं माझ्या बायकोनेही नाही. कामा नदीकाठच्या आमच्या गावात मी चर्चमध्ये स्तोत्रं वाचायचो आणि ही विधवा बाई प्रसादाचे छोटे पाव भाजायची. हात कायम पिठाचे, डोकं हट्टी आणि अक्षरओळख शून्य. त्यामुळे तिची नावांची वही लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलेलं.

अशी वही आमच्याकडे घरोघर असते. डाव्या पानावर जिवंत माणसं, उजव्या पानावर गेलेली. आडनाव नाही, हुद्दा नाही, बाप्तिस्म्याचं नाव तेवढं, आणि प्रार्थनेत ते मोठ्याने वाचायचं. जिवंत माणसाचं नाव उजव्या पानावरून वाचलं, तर त्याला आपल्या हाताने खड्ड्यात लोटलं, असं आमच्या बायका मानतात. मीही मानतो.

डाव्या पानावर पहिलं नाव तिच्या एकुलत्या एका मुलाचं, झोसिमाचं. एकोणीसशे पंधरा साली तो लढाईत जखमी झाला आणि राजधानीजवळच्या इस्पितळातून त्याचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. जारच्या मुलीने माझी जखम धुतली, असं त्यात होतं. कुठल्या मुलीने, ते गाढवाने लिहिलं नव्हतं. पुढे तो आघाडीवर परत गेला आणि बेपत्ता झाल्याचा कागद आला. तेव्हा फेदोस्याने झोसिमाखाली राजघराण्यातली सातही माणसं लिहायला लावली: निकोलाय, अलेक्सांद्रा, ओल्गा, तात्याना, मारिया, अनास्तासिया, अलेक्सेय. चौघी मुलींतली नक्की कोण ते माहीत नाही, मग त्या घरातलं वगळायचं कुणाला, असं तिचं म्हणणं.

जारची गादी गेली तरी वहीला काही झालं नाही, कारण वहीत गादी नव्हतीच. घोळ सुरू झाला अठराच्या उन्हाळ्यात. बाजारात कागद चिकटवला होता: जारला गोळ्या घातल्या, कुटुंबाला सुरक्षित जागी हलवलं. मी निकोलाय खोडून उजवीकडे लिहिला. मग गावातून बोल्शेविकांचं लाल सैन्य गेलं, त्यांच्याविरुद्ध लढणारं पांढरं आलं. पांढऱ्यांचा एक अधिकारी म्हणाला, कुणीच उरलं नाही. उरलेली सहा नावंही उजवीकडे गेली. मग एक मीठवाला आला, त्याने म्हणे मुलींना पेर्म शहरात आगगाडीच्या खिडकीत पाहिलं होतं. नावं पुन्हा डावीकडे आली. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. मी फादर मेफोदींना विचारलं, तर ते म्हणाले, देवाला ठाऊक. एवढं मलाही ठाऊक होतं.

"येव्लाम्पी तेरेंतिच, तुम्ही शिकलेले," ती म्हणायची. "ती पोरगी आहे की गेली, एवढं सांगता येत नाही तुम्हाला?"

"बाई, मी स्तोत्रं वाचतो. मला कोण सांगतंय?"

ती खरं कुणाबद्दल विचारत होती, ते मला कळत होतं. ती मुलगी असेल, तर तिने जपलेला माझा झोसिमाही असेल, असं या बाईने मनाशी धरलं होतं. त्यामुळे नाव हलवायला मी उगाच उशीर लावायचो आणि त्याचाच मला राग यायचा.

एकोणीसच्या शरदात पितरांच्या शनिवारी, म्हणजे गेलेल्यांची नावं वाचायच्या दिवशी, मी तिचं उजवं पान वाचत होतो. पेलागेया, खारितोन, झोसिमा. नाव तोंडातून गेलं आणि मग मी पाहिलं. अक्षर माझं नव्हतं. मान वर केली, तर फेदोस्या मेणबत्त्यांपाशी डोळे मिटून उभी होती. मी पुरता गोंधळलो. पुढची दोन नावं दोनदा वाचली, एक गाळलं, आणि पोराला मी मारलं की काय, असं सारखं वाटत राहिलं.

प्रार्थना संपताच मी तिला दारात अडवलं.

"शाळेच्या बाईंकडून लिहून घेतलं," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलं नसतं."

"पण कशासाठी?"

"ऐकून बघायचं होतं. खरं असेल तर आत काहीतरी तुटेल, असं वाटलं. काहीच झालं नाही. आता ते खोटं म्हणून झालं नाही, की मी आधीच तुटलेय म्हणून? हे कसं कळायचं, तेरेंतिच?"

मी तापट माणूस, पण त्या दिवशी ओरडलो नाही. घरी नेऊन तिला चहा दिला आणि झोसिमाचं नाव दोन्ही पानांवर लिहिलं. मग तिने सातही जणांची नावं दोन्हीकडे लिहायला लावली.

पुढच्या रविवारी फादर मेफोदींनी मला झापलं. एकच माणूस जिवंतही आणि मेलेलाही, असं कुठे असतं का, म्हणाले.

"फादर," मी म्हणालो, "तशी एक बाई तुमच्यासाठी रोज पाव भाजते."

त्यांनी वही माझ्या हातात परत दिली आणि मी दोन्ही पानं वाचत राहिलो.

एकवीसच्या दुष्काळात फेदोस्या गेली. शेवटी तर पिठात झाडाची सालही मिसळायला उरली नव्हती. झोसिमा आला नाही. आला नाही, एवढंच मला माहीत आहे. वही आता माझ्याकडे आहे. दफन करून आल्यावर मी ती उघडली आणि उजव्या पानावर तिचं नाव लिहिलं. एकदाच, न खोडता. तेवढ्या एका नावासाठी मला कुणाला विचारावं लागलं नाही.