स्वतंत्र संगणकाचा बंद आवाज

स्वातंत्र्य ही माणसाची सर्वांत मोठी भूक आहे. माझ्या भावाला ती राजाजीनगरच्या आमच्या घरात एका रविवारी, पोह्यांची दुसरी बशी संपल्यावर लागली. एका मासिकाबरोबर आलेली सीडी त्याने घरातल्या एकुलत्या एक संगणकात घातली, त्यावरचं चालतंबोलतं विंडोज पुसलं आणि कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नसलेलं लिनक्स बसवलं. "ताई, आजपासून आपण कुणाचे गुलाम नाही," तो मला म्हणाला. त्याआधी कुणाचे होतो हे मला माहीत नव्हतं. गाणी वाजत होती, एवढं आठवतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्याच महिन्यांत चामराजपेटेतले आमचे काका गेले आणि घरात सुतक आलं. ते फिटतं न फिटतं तोच अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाजाची नस तिथूनच जाते, आवाज जाऊही शकतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. फोनवर माणूस नकळत ओरडून बोलतो, म्हणून त्यांनी तिला फोनच बंद केला. जावई बोलायचे. "सगळं ठीक आहे."

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तोवर काचबिंदूने जवळजवळ दिसेनासं झालं होतं. माणसं त्यांना आवाजावरूनच कळायची. जावयांच्या 'ठीक'वर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ठीक आहे, तर ती का बोलत नाही?" असं विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत.

मग एका शनिवारी दुपारी तिची ई-मेल आली, सोबत आवाजाची फाइल. डॉक्टरांनी दोन शब्द बोलायची परवानगी दिली होती आणि ते तिने अण्णांसाठी रेकॉर्ड केले होते. अण्णा उठले, शर्ट बदलला आणि संगणकासमोर येऊन बसले. भावाने फाइल लावली.

काही नाही. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. फाइल संपली, प्रोग्राम समाधानाने थांबला. खोलीत फक्त पंखा ऐकू आला.

त्या सरकत्या आकड्यांचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. मिक्सर बिघडला की जळका वास येतो, नळ बिघडला की गळतो. हे यंत्र मात्र बिघडलोय असं कबूलच करत नव्हतं. माझी बहीण बोलत होती, तिचं बोलून झालं होतं, याची ते आम्हाला शिस्तीत खबर देत होतं.

"झालं बोलून?" अण्णांनी विचारलं.

"अजून नाही, अण्णा. स्वल्प थांबा," भाऊ म्हणाला.

भावाने आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वर नेल्या. मग स्पीकर काढून हेडफोन लावले आणि ते अण्णांच्या डोक्यावर चढवले. शांतता. मग त्याला सुचलं की हेडफोन लावले की स्पीकर आपोआप बंद होतात, तेव्हा हेडफोन खुपसायच्या भोकातली पत्र्याची पट्टी अडकली असणार. त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून भोक पुसलं. अण्णा हेडफोन घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. कानांवर ते असल्यामुळे आमचं भांडणही त्यांना नीट ऐकू येत नसावं. बरंच झालं.

"फाइल घे आणि सायबर कॅफेत चल," मी म्हणाले. "अण्णांना रिक्षात बसवते."

"तिथे विंडोज आहे, ताई."

"मग?"

"हरल्यासारखं होईल."

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. तत्त्वासाठी सुळावर गेलेली माणसं त्यांत भेटतात. पण ती स्वतः गेली. बापाला पाठवून खाली उभी राहिली नाहीत.

भावाने मित्राला फोन केला. हा जयनगरला राहायचा, पुण्याहून नोकरीसाठी आलेला. दोघं मिळून लिनक्सवाल्यांच्या सभा भरवायचे. तो आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "बेसिकली, कर्नलच परत कंपाइल करू, म्हणजे सिस्टिमचा गाभाच नव्याने बनवू. फ्रीडमची मजाच ती आहे, यू नो, सगळं तुमच्या हातात."

"माझ्या हातात काय आहे?" मी विचारलं.

"सोर्स कोड."

तासभर काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं धावली. संगणक बंद झाला, चालू झाला, फाइल लागली. सेकंद सरकले. पंखा फिरला.

इतका वेळ आमची आत्या, जिला सगळं घर अक्का म्हणतं, दारात उभी होती. घरातलं सोवळंओवळं, सुतक, उपास हे तिचं खातं.

"अरे, तूच बंद केलास की रे त्याचा आवाज," ती भावाला म्हणाली. "काकाच्या सुतकात. चालू केलं की तुतारी वाजवायचं ते, म्हणून मी सांगितलं होतं."

भाऊ कीबोर्डवरची धूळ पुसू लागला.

"तेराव्याला टीव्हीवरची चादर मी काढली. रेडिओ मी लावला. तुझं डबडं तुझ्याकडे होतं. सोडवलंस का त्याला?"

नव्हतं सोडवलं. तिच्या शब्दाखातर त्याने स्पीकर, हेडफोन, सगळ्यांना एकेक करून म्यूट केलं होतं. यंत्राने ते लक्षात ठेवलं आणि दरवेळी चालू होताना इमानाने पाळलं, कर्नल बदलला तरी. पट्टी वर नेणं वेगळं आणि म्यूट काढणं वेगळं. दुपारभर प्रत्येक पट्टीखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. दोघांतल्या एकानेही खाली पाहिलं नव्हतं.

"टेक्निकली हा बग नाही," मित्र म्हणाला. "हे फीचर आहे."

"तुम्ही चहा घ्या," मी म्हणाले. आमच्या घरात पाहुण्याला याहून कडक बोलायची पद्धत नव्हती.

भावाने फाइल लावली.

"अण्णा, मी." अण्णांच्या हेडफोनला बाहेरून कान लावून मीही ऐकत होते. आवाज घोगरा होता, जरा फाटलेला. "बरी आहे. जास्त बोलू नको म्हणतात. दादाला सांगा, मोठमोठे फोटो मेलने पाठवू नको म्हणावं. माझी पेटी भरते आणि कामाच्या मेल परत जातात. किती वेळा सांगायचं त्याला."

अण्णांनी हेडफोन काढले नाहीत. "परत लाव," म्हणाले. परत लावलं. मग पुन्हा.

"घसा बसलाय," शेवटी ते म्हणाले. "पण तीच. चिडलीय." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, जरी त्यातून त्यांना काही दिसत नसे. "आता मला बोलायचंय तिच्याशी. इथेच बोलू का?"

भावाने मित्राकडे पाहिलं. मित्राने कप खाली ठेवला आणि मायक्रोफोनसाठी पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागेल, असं सांगितलं.

अण्णांचं उत्तर मी टाइप केलं.