सागातली जादा रेघ

भिवंडीत नारपोलीच्या लूम कारखान्यात बाबांनी जन्मभर कापडाचे तागे तपासले. इंचभर कापडावर भिंग ठेवायचं आणि सुईच्या टोकाने आडवे धागे मोजायचे, हे मी शाळेत जायच्या आधीच त्यांच्याकडून शिकले. आता मी सागाच्या खोडाच्या चकत्यांवर वर्षांच्या रेघा मोजते. पाऊस भरपूर तर त्या वर्षाची कडी रुंद, कमी तर अरुंद. अशा पुष्कळ झाडांच्या कड्यांवरून, पर्जन्यमापक नव्हते तेव्हाचा इथला पावसाळा कसा होता याचा अंदाज आमचं संगणकावरचं मॉडेल बांधतं. प्रयोगशाळेत माझ्याइतकं भराभर कोणी मोजत नाही, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी माझी सर्वांत जुनी चकती बाद करायची भाषा केली तेव्हा माझं डोकंच फिरलं. बाहेरच्या कड्या तालुक्याच्या पावसाच्या नोंदींशी जुळत होत्या. एका जागेपासून आतल्या सगळ्या एकेका वर्षाने सरकत होत्या. “सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर वगळू,” सर शांतपणे म्हणाले. ते शांत राहिले की मला जास्तच राग येतो. सगळ्यात मागचा काळ त्या एकाच चकतीत होता. ती गेली असती तर माझं वर्षभराचं काम लंगडं झालं असतं. चकती पिशवीत घालून मी कामतघरला घरी आले.

रविवारी दुपारी मी ती पाचव्यांदा मोजत होते आणि तोंडाने सरांचा उद्धार चालू होता. बाबा जवळ येऊन चकतीवर वाकले.

“बाय, एकाच पट्ट्यात मोजलंस?”

“मग? तुम्हीच शिकवलंत.”

“इंचाचं मोजणं शिकवलं. तागा पास करताना किनारीपासून किनारीपर्यंत बघाया लागतं. त्ये शिकायच्या आधीच तू पलालीस.”

सरही तीन-चार दिशांनी मोजायला सांगत. मला ते भित्र्यांचं काम वाटायचं. कापडात दिसली ती रेघ म्हणजे धागाच असतो, आणि मी त्यातच वाढलेली.

बाबांनी नखाने एकेक रेघ गोल फिरवत नेली. एकीपाशी नख थांबलं. “ही पुरी फिरत न्हाय. हितं विरली.”

खोटी कडी! पावसाळ्यात मध्येच लांब उघडीप पडली, झाडाने वाढ थांबवली, पाऊस परतल्यावर पुन्हा धरली. मी एका वर्षाची दोन केली होती. ती रेघ सोडून मोजलं, तर आतल्या कड्या नोंदींवर चपखल बसल्या. मी आनंदाने ओरडलेच. चकती वाचली.

“कुठलं साल गं?”

मी सांगितलं. बाबांना ते साल पाठ होतं. त्या साली ते गावी होते, अठरा वर्षांचे. ऐन श्रावणात पाऊस दडून बसला, भात पिवळं पडलं. पाऊस गेला असं समजून त्यांनी उभ्या भातात गुरं सोडली, आणि आठ दिवसांत पाऊस परतला. शेजाऱ्यांचं भात सावरलं. तुला आठ दिवस दम धरवला नाही, हे आजोबा मरेपर्यंत ऐकवत राहिले. त्या बोलण्याला कंटाळूनच बाबा भिवंडीला लूमवर आले होते.

मी ती रेघ त्यांना पुन्हा दाखवली. “बाबा, पाऊस गेला असं समजून या सागानंही आवरतं घेतलं होतं.”

“केवढा व्हता तवा ह्यो?”

मी आतून मोजलं. “शंभराच्या पुढचा.”

“शंभर पावसालं बघून ह्याला कललं न्हाय,” बाबा म्हणाले, “तर मला काय कलनार व्हतं!” आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.