मागावरची फ्रेंच क्रियापदं

मॅट्रिकला संस्कृतऐवजी फ्रेंच घेणारे शाळेत आम्ही दोघंच. मी, आणि तेलुगू विणकराच्या घरातला माझा मित्र. मास्तर क्रियापदाचं रूप फळ्यावर लिहून उभ्या रेघांनी त्याचे तुकडे पाडायचे. मग पट्टीच्या एकेका ठोक्याला एकेक तुकडा म्हणायचा. फि-नि-सों. मित्राला ते सहज यायचं. माझी जीभ अडखळायची.

शाळा सुटल्यावर त्याला दिवेलागणीपर्यंत मागावर बसावं लागे. म्हणून मीच सुचवलं, तू विणता विणता म्हण, मी तुझ्यामागून म्हणतो. एका तुकड्याला पायाखालची एक पावडी दाबायची.

काय दिवस होते ते! तो मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, मी शेजारी जमिनीवर. त्याची आई सुताच्या कांड्या भरता भरता हसायची. "तुमच्या त्या देशात मान्सं नाकातनंच बोलत्यात व्हय रे?"

माझे उच्चार सुधारले. मास्तरांनी शाबासकी दिली.

पण पावड्या दोन, त्या आलटून पालटून दाबायच्या. आमची रूपं बरीचशी तीन तुकड्यांची. तो प्रत्येक रूप उजव्या पायानं सुरू करी, म्हणजे उजवी पावडी लागोपाठ दोनदा पडायची आणि दोन धागे एकाच जागी बसायचे. विणून झालेलं लुगडं मागावरून काढल्यावर त्याच्या वडिलांनी ते उजेडात धरलं. अंगभर आडवे जाड पट्टे.

मग ते माझ्याकडे वळले. "तू तर रोज हितंच बसतोस की. ह्याच्या पायाला काय झालंय, ठावं हाय का तुला?"

"मला काय ठाऊक, काका?" मी म्हणालो.

मित्रानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मीच त्याला हे करायला लावलं, एवढं एकच वाक्य मी बोलायला हवं होतं. वडिलांनी ठरवलं, शाळेनं पोराचं कामातलं लक्ष उडालं. सोमवारपासून तो शाळेत आला नाही. तो का येत नाही, असं मास्तरांनी दोनदा विचारलं, तेव्हाही मी गप्पच.

मी मॅट्रिक झालो, सर्वांत जास्त गुण फ्रेंचला. तो मागावरच राहिला. भेटला की पोराबाळांची चौकशी करतो, त्या दिवसाचा विषय काढत नाही. मीही काढला नाही. त्याचे वडील मागच्या वर्षी गेले. एक वाक्य त्यांना सांगायला माझ्याकडे वीस वर्षं होती. मित्राला नव्यानं सांगण्यासारखं काही नाही. त्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक आहे.