लताताई बसत नाहीत

उपकेंद्रात बारा वर्षं नर्स म्हणून काढली की दोन प्रकारचं सामान साचतं. एक कपाटात, रजिस्टरांचं. दुसरं डोक्यात, कारण रजिस्टरात त्याला रकानाच नसतो. उंद्रीजवळच्या आमच्या गावातलं हे दुसरं सामान. यात शहाणी कोण ते आधीच सांगते. मी नाही, आमच्या आशा कार्यकर्त्या लताताई.

* * *

सुरुवातीला मी बायकांना सरळ विचारायची, पाळीत अंगावरून जास्त जातं का? एका मावशींनी मलाच वेड्यात काढलं. "सगळ्याइले जाते तेवढंच जाते!" आता सगळ्यांना किती जातं हे या माउलीनं पाहिलं होतं कुठे? पाळीचा कपडा वाळतानासुद्धा लुगड्याखाली लपवणारं आमचं गाव.

लताताई म्हणाल्या, 'जास्त' असं विचारूच नका, मोजता येईल असं विचारा. आणि त्यांनी चार बोटं उभी केली. तासा-दोन तासांत कपडा बदलावा लागतो? रात्री त्यासाठी उठावं लागतं? आठवड्याच्या वर चालतं? रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात? प्रत्येक 'हो'ला एक बोट मिटायचं. एक जरी मिटलं तरी डॉक्टरकडे जायचं. पुढे पुढे तर ताई नुसती बोटं दाखवायच्या, बाया समोरून मिटवायच्या.

* * *

देऊळघाटचा एक गडी बायकोला घेऊन आला. हिला लय अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या म्हणाला. आमच्याकडे सलाईनवर फार श्रद्धा. ताईंनी बोटं काढताच हा मोटरसायकल बघायच्या निमित्तानं बाहेर पळाला. बायकोनं तीन बोटं मिटवली. मग तपासणी झाली, रक्तवाढीच्या गोळ्या आणि पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या.

तीन महिन्यांनी तो भर बाजारात भेटला. इकडेतिकडे पाहिलं, हळूच एक बोट मिटवून दाखवलं आणि म्हणाला, "सिस्टर, आता एकच."

* * *

दर महिन्याला आमची मीटिंग असते. डॉक्टर मॅडम येतात, म्हणून त्यांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकायचा. बाकी आशाताया लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. लताताई मात्र दाराशी उभ्या. कितीदा म्हटलं बसा, तर म्हणायच्या, बसलं की आळस येतो. मी चिडवायची, "तुमच्या खुर्चीले खिळे हायेत का?" आणि नव्या पोरींना सांगायची, बघा, असा उत्साह पाहिजे! चढावर त्यांना दम लागायचा, तो मी वयावर ढकलला.

* * *

मग रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायचं नवं मशीन आलं. शिबिरात सुईला कोणी पुढे येईना, तेव्हा लताताईंनीच बोट पुढे केलं. आकडा आला पाच पॉइंट आठ.

मी म्हटलं, मशीन बिघडलं. दुसरी पट्टी लावली, तोच आकडा. मग स्वतःचं बोट टोचलं. बारा. मशीन ठणठणीत होतं.

त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि चार बोटं उभी केली. त्यांनी माझा हात धरला आणि एकेक करून चारही बोटं मिटवली.

"ताई, काऊन सांगितलं नाही?"

"इचारायचं काम माह्यंच होतं ना सिस्टर. मले कोन इचारीन?"

डागाच्या भीतीनं त्या मीटिंगला बसत नव्हत्या, हे मला तेव्हा कुठे कळलं. इतकी वर्षं आम्ही एकत्र घरोघर फिरलो आणि मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांना रक्त चढवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. घरचे म्हणाले, पिशवीच काढून टाका. ताई घाबरल्या, कारण त्यांच्या बहिणीची काढली होती आणि ती पुन्हा शेतात उभी राहिली नाही. मॅडमनी समजावलं की प्रत्येक गाठीला पिशवी काढावी लागत नाही, आधी औषधानं बघू.

* * *

पाच महिन्यांनंतरची मीटिंग. लताताई उशिरा आल्या. लाल खुर्च्या भरलेल्या. मॅडम हात धुवायला गेल्या होत्या.

ताई दाराशी थांबल्या नाहीत. सरळ आत आल्या, पदर सारखा केला आणि मॅडमच्या खुर्चीत, त्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर, ऐसपैस बसल्या.

मॅडम परत आल्या. खुर्चीकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हं, करा सुरू."