कांबळे काकांची गाडी कशी बंद पडली

भाचीच्या साखरपुड्याच्या सकाळी मी एका बंद गाडीच्या दोन बंद गाड्या केल्या.

कार्यक्रम उल्हासनगरला, अकरा वाजता. दहाला कात्रपच्या आमच्या सोसायटीत भाची स्नेहल शालू सांभाळत गाडीत बसली, शेजारी माझी बायको सुनीता. मी चावी फिरवली. 'टक्.' परत फिरवली. परत 'टक्.'

"मामा, रिक्षा बघू?"

"बॅटरी उतरलीये. पाच मिनिटांचं काम." (हे निदान मी बॉनेट न उघडताच केलं होतं.)

शेजारचे कांबळे काकाही साखरपुड्यालाच निघाले होते. भला माणूस. दोन महिन्यांपूर्वी घेतलेली गाडी त्यांनी माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली. त्यांच्या बॅटरीवरून माझ्या गाडीला करंट द्यायला मी डिकीतून जम्पर केबल काढली.

"लाल चिमटा कुठे लावायचा, माहितीये ना?"

"काका, माझ्यावर सोडा."

त्यांनी सोडलं. मी चिमटे लावले आणि अशी ठिणगी उडाली की पार्किंगमधली मांजर थेट पलीकडच्या शिरगावला पोचली असावी. घाईत मी लाल-काळ्याची अदलाबदल केली होती. जळका वास आला. काकांचा डॅशबोर्ड एकदा झगमगला आणि काळाठिक्कर पडला.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले. आधी गाडीकडे, मग माझ्याकडे. मी केबल धरून पुतळ्यासारखा उभा.

शेवटी सुनीताने नाक्यावरच्या मुरलीभाई मेकॅनिकला बोलावलं. त्याने माझ्या बॅटरीवरची वायर दोन बोटांनी हलवली. ती हातातच आली! खाली पांढरी बुरशी. गरम पाण्याने धुतलं, नट आवळला, गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

"बॅटरी तो एकदम ठीक थी, साहब. टर्मिनल ढीला था. और इनका मेन फ्यूज आपने उडा दिया."

"बसा काका, आपण एकत्रच जाऊ," मी म्हणालो.

"नको," काका म्हणाले, "मी रिक्षाने येतो."

हॉलवर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. स्नेहलचे होणारे सासरे पुढे आले. "आपण काय करता?"

"अंबरनाथला कारखान्यात आहे. इलेक्ट्रिकल मेंटेनन्स."

"अरे वा. मग जरा इथला पंखा बघता का? मघापासून बंद आहे."

मी बाह्या सरसावल्या. मागून सुनीता शांतपणे म्हणाली, "नको. लोक अजून जेवायचेत."