हमीद सरांचा तास

प्रश्न विचारला की हमीद सर थांबायचे. खडू बोटांत धरून, मान किंचित कलती करून, वर्गातून उत्तर येईपर्यंत. मंगरूळपीरच्या आमच्या कॉलेजात इतकी वर्षं गणित शिकवलं, पण स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतः कधी दिलं नाही. "उत्तर पोट्ट्यायचं हाय. मी कायले देऊ?" म्हणायचे.

सगळ्या विषयांचे तास रेकॉर्ड करून ठेवायचे ठरले, तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. मी गणिताचीच, त्यांची धाकटी सहकारी, म्हणून मोबाइल स्टँडवर लावायचं काम माझ्याकडे आलं. रिकाम्या वर्गात सर शिकवू लागले. प्रश्न विचारला आणि नेहमीसारखे थांबले. अर्धं मिनिट गेलं. मग दुसऱ्या बाकाकडे पाहून म्हणाले, "नाही बेटा. वजाचं चिन्ह सुटलं तुयं." पुन्हा थांबले. "हां, आता बरोबर."

मी वळून पाहिलं. बाकावर धूळ होती.

"सर, मधली शांतता कापून टाकते."

"पोट्टे विचार करून राह्यले, मॅडम. काहून कापता?"

"पण समोर कोणीच नाही."

"तुमाले दिसत नाही," ते सहज म्हणाले आणि फळा पुसू लागले.

रेकॉर्डिंग पुरं व्हायच्या आतच सर हृदयविकारानं गेले. जूनमध्ये नवी मुलं आली, आणि त्यांना सर पडद्यावर शिकवू लागले. त्या मुलांत आसेगावची मनीषा होती. रिसोडच्या कॉलेजात गणितात नापास होऊन आलेली. या खेपेला राहिली तर शिक्षण बंद, असं घरून बजावलेलं. सरांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. वर्गात ती तोंड उघडत नसे.

त्या दिवशी पडद्यावर सर प्रश्न विचारून थांबले, आणि दुसऱ्या बाकावरून मनीषा पुटपुटली.

"नाही बेटा. वजाचं चिन्ह सुटलं तुयं," सर म्हणाले.

तिनं वहीत पाहिलं. चिन्ह खरंच सुटलं होतं. ते घालून तिनं पुन्हा उत्तर सांगितलं.

"हां, आता बरोबर."

वर्गातली मुलं वळून तिच्याकडे पाहू लागली. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली. "मॅडम, सर मले कसे पाहून राह्यले?"

"मुलं कुठं चुकतात, ते त्यांना पाठ होतं गं." हे खरंच होतं. तरी सांगताना मी त्या दुसऱ्या बाकाकडे पाहिलं.

वेळ वाचवायला ते मधले विराम काढून टाका, असं प्राचार्यांनी सांगितलं. मी एक कापून पाहिला. सर प्रश्न विचारून, कोणाचं काही न ऐकताच, "नाही बेटा" म्हणाले. असे ते कधीच वागले नव्हते. मी कापलेलं परत जोडलं आणि प्राचार्यांना नकार कळवला.

त्या वर्षी मनीषा पास झाली. मला मात्र परीक्षेआधीची एक दुपार आठवते. वर्गाच्या बंद दाराआडून तिचा आवाज आला, मग सरांचा, पुन्हा तिचा. मी आत गेले. पडदा काळा होता. लावलेला तास सरांचा अखेरचा होता. तो रेकॉर्ड करताना, प्रश्न विचारून ते थांबलेले असतानाच माझ्या मोबाइलची बॅटरी संपली होती. उरलेलं उद्या घेऊ, असं आम्ही ठरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सर नव्हते.

मनीषा फळ्यापाशी पाठमोरी उभी होती.

"अगं, तास संपला."

"नाही मॅडम. सर थांबले हायेत."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. तिनं हळूहळू शेवटची ओळ लिहिली, काळ्या पडद्याकडे वळली, क्षणभर ऐकत राहिली आणि मान डोलावली.

मी फळ्याकडे पाहिलं. उत्तर बरोबर होतं.