पान संपलं तिथं

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या अनगोळच्या बाजारात भाजी घेताना समोर येणार नाही. भित्रा माणूस ऐकणारासुद्धा सोयीचा निवडतो.

तसं माझं छान चाललंय. निवृत्त झालोय. सकाळी चहाबरोबर एक मराठी पेपर वाचतो आणि एक कन्नड. कन्नड आता खरोखर वाचतो – आणि हा ‘आता’च अडचणीचा आहे.

आमच्या मराठी शाळेतले कन्नडचे शिक्षक बदलून गेले, तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, कन्नड कुणाला येतं? मी हात वर केला. बोलायला येत होतंच. इथं सीमाभागात, बाजारात, कचेरीत कुणाला येत नाही? पण वाचायला – बसच्या पाट्या सोडल्या तर एकेका अक्षराशी झटापट. इतकी पुस्तकं वाचलेल्या मास्तरला लिपी अडते, हे चारचौघांत कसं सांगायचं?

फोन मदतीला आला. पानाचा फोटो काढला की फोनमधली बाई ते खणखणीत वाचून दाखवायची. मी घरी दार लावून ऐकायचो, पाठ करायचो आणि वर्गात पुस्तक समोर धरून म्हणायचो.

त्याच वर्षी शाळेत ‘मोबाईल आणि मातृभाषा’ असा कार्यक्रम झाला. वक्ता मी. मोबाईलमुळे मुलांची जीभ जड होते, असं बराच वेळ सांगितलं. शाल, नारळ, फेटा. फेटा सैल होता, बोलताना डोळ्यांवर यायचा. दुसऱ्यांच्या सत्कारांना मी जन्मभर हसत आलोय. स्वतःचा मात्र मन लावून करून घेतला.

पण हे नुसतं ढोंग. ते कबूल करायला कितीसं धाडस लागतं? मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

सुजाता नववीत होती, वडगावच्या विणकराची मुलगी. खानापूरला कन्नड पाठांतराची स्पर्धा होती, शाळेतून एकालाच पाठवायचं होतं. निवडीसाठी हेडमास्तर वर्गात येऊन बसले. सुजाता उभी राहिली आणि धडा म्हणू लागली – स्वच्छ, कुठंही न अडखळता. मग एका वाक्याच्या मधोमध थांबली. श्वास घेतला. पुढं गेली.

थांबायचं तिथं काहीच कारण नव्हतं. फक्त, पुस्तकात तिथं पान संपतं. फोनमधली बाई तिथं थांबते, कारण पुढच्या पानाचा फोटो तिला अजून मिळालेला नसतो.

हेडमास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. “मधीच का थांबली हो ही?”

“फोनवरनं पाठ केलंय,” मी म्हणालो.

“न्हाय सर,” सुजाता म्हणाली. “आमच्यात बटणांचा फोन हाय. मागाच्या खडखडाटात त्यावर बोललेलंबी ऐकू येत न्हाय.” पोरं हसली. मग ती अगदी साधेपणानं म्हणाली, “तुम्ही तिथं थांबतासा, म्हणून मीबी थांबलो.”

त्या क्षणी मला सगळं कळलं. तिनं फोन ऐकला नव्हता, मला ऐकलं होतं – इतकं लक्ष देऊन, की माझी चोरीसुद्धा जशीच्या तशी उचलली. असं ऐकणारी मुलगी शिक्षकाला कितीदा मिळते? आणि मी हेडमास्तरांच्या देखत म्हणालो, “वर खोटं बोलतेस? बस खाली.”

ती बसली. खानापूरला दुसरी मुलगी गेली. वर्षभर मी सुजाताला पुन्हा धडा म्हणायला सांगितलं नाही – न जाणो, परत तिथंच थांबली तर? लिपी मी त्यानंतर शिकलो. पश्चात्तापानं नव्हे, धास्तीनं.

परवा तिनं मला घरी बोलावलं. आता ती बी.एड. करते आणि संध्याकाळी विणकरांच्या पोरांना कन्नड शिकवते. पोरं फोन मध्ये ठेवून बसली होती. एकानं वाचायचं, अडलं की फोनला विचारायचं, मग पुन्हा स्वतः वाचायचं. भांडणं चालली होती, हसणं चाललं होतं, आणि दार सताड उघडं होतं. बघून मला मनापासून बरं वाटलं.

“सर, ह्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलोय,” चहा देत सुजाता म्हणाली, “दोन्ही पानांचं फोटो एकदम काढा. न्हाय तर आमच्या सरांगत मधीच थांबायला शिकशीला.”

पोरं हसली. तीही हसली, जराही आडपडदा न ठेवता. मीही हसलो. चहात आलं होतं, छान झाला होता. आणखी अर्धा कप मागून घेतला.

त्या दिवशी वर्गात खोटं मी बोललो होतो, ती नव्हे. एवढंच वाक्य होतं. तिच्यासमोर बसून चहा संपवला, तरी ते मी म्हटलं नाही.